किलो का क्विंटल ते नावातच लिहा : व्हेरिएबल बनवायचे कसे, वापरायचे कसे

आमच्या इकडं दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जोरात असते आणि त्याच दिवसांत कॉलेजच्या पोट्ट्यापोट्टींची परीक्षा पण येते, त्यामुळे दरवर्षी संध्याकाळी कोणी ना कोणी मोबाईल घेऊन घरी येते आणि विचारते, ताई हे व्हेरिएबल काय आहे, वहीत लिहिलंय 'मेमरीतल्या जागेला दिलेलं नाव', पाठ पण झालं, पण कळलं काहीच नाही. त्यांच्यासाठीच हे लिहून राहिली. उदाहरणं सगळी कापसाच्या हिशोबाची घेतली, कारण तो हिशोब आपल्याला तोंडपाठ आहे, मग डोकं फक्त प्रोग्रामकडे द्यायचं राहते.

लॅपटॉप नसला तरी चालते. मोबाईलवर पायड्रॉईड ३ नावाचं ॲप टाका, एकदा टाकलं की पायथन, म्हणजे आपण ज्या भाषेत प्रोग्राम लिहिणार ती, फोनमधेच चालते, नेट लागत नाही, म्हणजे शेतात रेंज नसली तरी प्रॅक्टिस करता येते. लॅपटॉप असेल तर पायथन टाकून घ्या, बाकी सगळं सारखंच आहे.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी ध्यानात ठेवा, नाहीतर पहिल्याच ओळीत अडकाल. प्रिंट, इनपुट, इंट, फ्लोट, फॉर, इन, इफ, कॉपी, रिटर्न हे पायथनचे स्वतःचे शब्द आहेत, मी इथं देवनागरीत लिहिते पण टाइप करताना ते इंग्रजी स्पेलिंगनेच, छोट्या अक्षरात टाका. आणि आकडे मी इथं मराठीत लिहून राहिली, पण कोडमधे इंग्रजी आकडे टाका, कोडच्या ओळीत मराठी ७ दिसला की पायथन तिथंच एरर देते. व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत चालतात, खरंच चालतात, २००८ मधे पायथन ३ आला तेव्हापासून. तर पहिला प्रोग्राम हा घ्या.

वेचलेले_किलो = ३८
दर_प्रति_किलो = १०
मजुरी = वेचलेले_किलो * दर_प्रति_किलो
प्रिंट(मजुरी)

रन केलं की ३८० येते (* म्हणजे गुणिले). झाले तुमचे तीन व्हेरिएबल, म्हणजे आकड्यांना दिलेली तीन नावं. यात समजून घ्यायची गोष्ट म्हणजे ते बरोबरचं चिन्ह. शाळेच्या गणितात त्याचा अर्थ 'दोन्हीकडचं सारखं आहे', इथं तसं नाही. इथं पायथन पहिले उजवीकडचं काढते, जे उत्तर येईल त्याला डावीकडचं नाव बांधते. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावा. म्हणजे मग ही ओळ पाहून डोकं फिरत नाही :

वेचलेले_किलो = वेचलेले_किलो + ५

गणितात हे कधीच खरं होऊ शकत नाही, पण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रोज होते. बाईचं एक गाठोडं काट्याला लावलं, ३८ भरलं, मग ती म्हणते थांब, ओटीतला राहिला, तो ५ किलो अजून भरला, तर जुने ३८ घेतले, त्यात ५ मिळवले आणि जे ४३ झाले त्याला परत तेच नाव दिलं. जुनी व्हॅल्यू गेली, तिची आठवण कुठंच राहत नाही, पाहिजे असेल तर आधीच दुसऱ्या नावाने ठेवावी लागते.

आता इथंच एक चूक सगळे करतात. वर मजुरी काढून झाली ३८०, त्याच्या खाली किलो ४३ केले, आता मजुरी प्रिंट केली तर किती? पोट्टे म्हणतात ४३०. नाही, ३८०च येते. मजुरी ही त्या ओळीला काढलेली आणि ठेवून दिलेली व्हॅल्यू आहे, किलो बदलले म्हणून ती आपोआप बदलत नाही, एक्सेलमधे बदलते, इथं नाही. मजुरीची ओळ परत लिहावी लागते, किंवा सगळे किलो भरून झाल्यावरच ती लिहायची. वाचून सोडू नका, करून पाहा, दोनदा हाताने केलं की कायमचं बसते.

डिक्लेअर करणं म्हणजे काय ते आता. पुस्तकात व्हेरिएबल म्हणजे डबा असं सांगतात. मला वाटते ते सी भाषेला बरोबर बसते, पायथनला नाही. सी मधे पहिले सांगावं लागते की मला अमुक मापाचं भांडं पाहिजे, म्हणजे घरी जशी पायली वेगळी, कुडव वेगळा, तसं इंट म्हटलं की पूर्णांकाचं भांडं, फ्लोट म्हटलं की दशांशाचं. हे आधी सांगणं म्हणजेच डिक्लेअर करणं. पायथनमधे भांडं नसते, चिठ्ठी असते. पोतं भरून ठेवलं आहे आणि त्याला सुतळीने चिठ्ठी बांधली, त्या चिठ्ठीवर नाव. चिठ्ठी सोडून दुसऱ्या पोत्याला बांधता येते, आणि एकाच पोत्याला दोन चिठ्ठ्या पण बांधता येतात. म्हणून पायथनमधे वेगळं डिक्लेअर करायची ओळ नाही, पहिल्यांदा व्हॅल्यू दिली तिथंच व्हेरिएबल जन्मतो. पण व्हॅल्यू द्यायच्या आधी वापरला तर एरर येणारच, कारण अशी चिठ्ठी कोणत्याच पोत्याला बांधलेली नाही.

सीचं भांडं किती मोठं हे विसरलं की काय होते ते एकदा पाहाच. बऱ्याच कॉलेजांत अजून टर्बो सी नावाच्या जुन्या कंपायलरवर (सीचा कोड चालण्यालायक करणारं सॉफ्टवेअर) प्रॅक्टिकल घेतात. त्यातलं इंट २ बाइटचं असते, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. १४ क्विंटल विकला तर १,०५,२९४ व्हायला पाहिजे. टर्बो सी मधे दोन इंट गुणले आणि इंटमधेच ठेवले तर उत्तर येते उणे २५,७७८. प्रोग्राम बंद पडत नाही, एरर देत नाही, गुपचाप उणे आकडा देते. म्हणून पैशांचा हिशोब असेल तिथं टर्बो सी मधे लाँग, म्हणजे पूर्णांकाचं मोठं भांडं, घ्या, आणि भाव आणि वजन हे गुणायचे दोन्ही आकडे पण लाँगच घ्या, नुसतं उत्तराचं भांडं मोठं करून उपयोग नाही कारण गुणाकार छोट्या भांड्यातच सांडून गेलेला असते. आजकालच्या कंपायलरमधे इंट ४ बाइटचं असते, २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जाते. पायथनमधे पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही, फोनच्या मेमरीत मावेल तेवढा मोठा आकडा धरते.

ही काही फक्त कॉलेजच्या पोरांची चूक नाही बरं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि ४० सेकंदाच्या आत फुटलं. ६४ बिटचा दशांश आकडा १६ बिटच्या पूर्णांकात कोंबायला गेले, तो मावला नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. १६ बिट म्हणजे २ बाइट, तेच आपलं ३२,७६७ वालं भांडं.

सी मधली अजून एक गोष्ट, डिक्लेअर केलं पण व्हॅल्यू दिली नाही तर फंक्शनच्या, म्हणजे नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या कोडच्या तुकड्याच्या, आतल्या व्हेरिएबलमधे काहीही असू शकते. जुनं पोतं न झाडता वापरलं की तळाला मागच्या सालची तूर निघते, तसं. म्हणून एकूण किंवा बेरीज असं काही बनवलं की त्याच ओळीत शून्य टाकून मोकळं व्हा.

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते : २०१५ पासून त्यात लेट आणि कॉन्स्ट आहे, जुना व्हार विसरून जा. जे बदलणार ते लेट, जे बदलू नये ते कॉन्स्ट, आणि कॉन्स्टला परत व्हॅल्यू द्यायला गेलं की एरर येते. पायथनमधे कॉन्स्ट नाही, तिथं रीत अशी की न बदलणारं नाव पूर्ण कॅपिटल अक्षरात लिहायचं म्हणजे वाचणारा हात लावत नाही. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून मी अशा नावाच्या आधी 'ठरलेला' लावते, ठरलेला_दर_प्रति_किलो असं. ही माझी स्वतःची रीत आहे, तुम्ही दुसरी काढा, पण एक काढा आणि तीच पाळा.

आता इनपुट. बाहेरून आकडा घ्यायचा असेल तर असं :

किलो = इनपुट('किती किलो? ')
प्रिंट(किलो + किलो)

३८ टाकलं तर ७६ नाही, ३८३८ येते. इनपुटमधून जे येते ते आकडा नाही, अक्षरं असतात, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकाला एक चिकटवणं. म्हणून इंट(इनपुट('किती किलो? ')) असं गुंडाळून घ्या. आणि इथं मला लय आवडणारी एक गोष्ट आहे. कोडच्या ओळीत मराठी आकडा चालत नाही, पण वापरणाऱ्याने इनपुटमधे मराठी कीबोर्डवरून ३८ टाकलं तर पायथनचं इंट त्याला बरोबर ओळखते. म्हणजे माझी माय, जिला इंग्रजी आकडे लिहायचा कंटाळा येतो, ती स्वतः फोनवर किलो टाकू शकते. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा दहा वेळा रन केलं, खरंच होते का म्हणून. अर्धा किलो, पाव किलो पण धरायचा असेल तर इंटच्या जागी फ्लोट, फक्त फ्लोटमधे ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते हे माहीत असू द्या. मी वजन ग्रॅममधे आणि पैसे पैशांत पूर्णांकच ठेवते, दाखवायच्या वेळेला भागून घेते, ही कटकटच राहत नाही.

आता नावं. हे सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण माझ्या हातून जी चूक झाली ती इथंच झाली.

दोन साल आधी सीतादही (वेचणीच्या आधीची शेतातली पूजा) झाली आणि वेचणी सुरू झाली, तेव्हा मी फोनवर मजुरीचा प्रोग्राम बनवला. नवीन नवीन शिकली होती, नावं छोटी ठेवली की आपण हुशार असं वाटायचं, म्हणून क म्हणजे किलो, द म्हणजे दर, म म्हणजे मजुरी. दर १० होता. चार दिवस मस्त चाललं. पाचव्या दिवशी सोयाबीनची पोती भरायला माणसं लावली, पोत्यामागे ८ रुपये भराई, तर तो हिशोब पण मी त्याच फाईलमधे, द = १० च्या खाली आणि मजुरीच्या ओळीच्या वरती टाकला आणि तिथं पण द = ८ लिहिलं, कारण तो पण दरच. खाली मजुरीच्या ओळीने तोच द उचलला. संध्याकाळी सात बायकांचा मिळून २६६ किलो भरला, मी फोनमधे पाहून पैसे वाटले. एक म्हातारी बाई आहे, शाळेत कधी गेली नाही, तिने नोटा मोजल्या आणि तशीच उभी राहिली. म्हणे, "बाई, माहे अडतीस किलो, तीनशे ऐंशी व्हते नं? हे तीनशे चारच आहेत." मी म्हटलं मोबाईलमधे तर बरोबर आहे. ती काहीच बोलली नाही, फक्त पैसे परत माझ्या हातावर ठेवले आणि म्हणे पुन्हा मोज. मायची वही होती, वहीत दर १० लिहिला होता. सगळ्यांना मिळून ५३२ रुपये कमी दिले होते मी. त्याच रात्री घरोघरी जाऊन देऊन आली, पण त्या बाईने गप राहून पैसे घेतले असते तर मला आजपर्यंत कळलं नसतं, ही गोष्ट मला अजून लागते.

त्यात पायथनची काही चूक नव्हती. द म्हणजे काय हे त्याला विचारायची गरजच नव्हती, त्याला शेवटची व्हॅल्यू माहीत, त्याने ती वापरली. नाव जर असं असतं :

वेचणी_दर_प्रति_किलो = १०
भराई_दर_प्रति_पोतं = ८

तर एक दुसऱ्यावर पडलाच नसता. आणि पडला असता तरी किलोला पोत्याच्या दराने गुणून राहिली हे वाचतानाच दिसलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट ही की नावात दोन गोष्टी आल्या पाहिजेत, काय आहे आणि कशात मोजलं आहे. आपल्या कापसात तर हे लयच लागते, कारण वेचणी किलोवर असते आणि भाव क्विंटलवर असतो, नुसतं वजन म्हटलं तर कोणतं? वजन_किलो आणि वजन_क्विंटल, असंच लिहा. ओलावा असं नाही, ओलावा_टक्के. तारीख असं नाही, वेचणीची_तारीख. १९९९ च्या सप्टेंबरमधे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोहोचून हरवलं, त्याचं कारण शेवटी हेच निघालं, एक सॉफ्टवेअर आकडा पौंडाच्या मापात देऊन राहिलं होतं आणि दुसरं तो न्यूटनच्या मापात आहे असं धरून चाललं होतं. आकड्याला स्वतःचं माप माहीत नसते, ते नावातच लिहावं लागते.

दुसरी गोष्ट, कोडमधे मोकळे आकडे टाकत जाऊ नका. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव त्या प्रमाणात कापतात आणि १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. तुम्ही इफ ओलावा > १२ असं लिहून ठेवलं तर आज कळते, पुढच्या साली तुम्हीच विचाराल हे १२ काहून आहे, महिने आहेत का काय. त्यापेक्षा वरती एकदा ओलाव्याची_कमाल_मर्यादा_टक्के = १२ लिहा आणि खाली ते नाव वापरा. नियम बदलला तर एकाच ठिकाणी बदलावं लागते.

नाव लांब होते म्हणून घाबरू नका, एकदा टाइप केलं की पुढं कॉपी पेस्ट करता येते. फक्त लूपमधे, म्हणजे त्याच ओळी परत परत चालवतो तिथं, आय, जे, के अशी एका अक्षराची नावं जुन्या काळापासून चालतात, ते फोरट्रानमुळे, १९५७ च्या त्या भाषेत आय पासून एन पर्यंतच्या अक्षराने सुरू होणारं नाव आपोआप पूर्णांक धरलं जायचं. तेवढ्यापुरतं ठीक आहे, हिशोबात नको.

पायथनचे नियम थोडेच आहेत. नावात स्पेस चालत नाही, त्याच्या जागी अंडरस्कोर, म्हणजे ती खालची रेघ ( _ ). नावाची सुरुवात आकड्याने नको, वेचणी_२ चालते, २_वेचणी चालत नाही. वजाबाकीची आडवी रेघ नको, वजन-किलो लिहिलं तर पायथनला वाटते वजनातून किलो वजा करायचे. पायथनचे स्वतःचे राखीव शब्द नावाला घेता येत नाहीत, आणि प्रिंट किंवा सम यांना नाव म्हणून घेता येते पण चुकूनही घेऊ नका, मग त्या फाईलमधे खरं प्रिंट मरून जाते.

देवनागरी नावं वापरणाऱ्यांसाठी एक इशारा आहे आणि तो इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. इंग्रजीत कॅपिटल आणि स्मॉलची भानगड असते, आपल्याकडे ती ऱ्हस्व दीर्घाची आहे. हे पाहा :

एकूण_किलो = ०
फॉर किलो इन [३८, ४१, ३५]:
    एकुण_किलो = एकूण_किलो + किलो
प्रिंट(एकूण_किलो)

११४ यायला पाहिजे, येते शून्य. एरर नाही, काही नाही. तिसऱ्या ओळीत डावीकडे कु ऱ्हस्व पडला, पायथनने तो नवीन व्हेरिएबल समजून बनवून टाकला, दर वेळेला शून्यात किलो मिळवून त्या नवीन नावाला देत गेला आणि खरा एकूण_किलो शून्यच राहिला. उजवीकडे चूक असती तर एरर आला असता आणि लगेच कळलं असतं, डावीकडची चूक मुकी असते. आपण वऱ्हाडी माणसं बोलतो तसं लिहितो, कापुस आणि कापूस, किलो आणि कीलो, हिशोब आणि हिशेब, माणसाला सगळं सारखंच वाचता येते, पायथनला नाही. उपाय एकच, नाव पहिल्यांदा टाइप करा, त्यानंतर कॉपी पेस्ट करा किंवा ॲप सुचवत असेल तर ते घ्या, हाताने परत टाइप करूच नका. आणि काही कीबोर्ड धुऱ्या, तिसऱ्या अशा शब्दांतला तो वाकडा र बनवताना मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात, त्याने ओळ डोळ्याला शुद्ध दिसते तरी एरर येते. असं झालं तर तो शब्दच नावातून काढा, धुऱ्याच्या जागी बांध लिहा, वेळ घालवू नका.

मग मराठी नावं ठेवायची का इंग्रजी? शिकताना मराठी ठेवा, मी तर म्हणते मायबोलीतच ठेवा, कारण नाव विचार करून ठेवायची सवय लागते तेव्हा शब्द आपला पाहिजे. टर्बो सी मधे देवनागरी चालत नाही, तिथं मराठीच शब्द इंग्रजी अक्षरात लिहा. पुढं कंपनीत गेल्यावर चार राज्यांची माणसं तो कोड वाचणार, तेव्हा इंग्रजी शब्द लागतील, पण सवय हीच कामाला येईल, काय आणि कशात.

फंक्शन शिकून राहिले असाल तर एवढं माहीत असू द्या की फंक्शनच्या आत बनवलेला व्हेरिएबल आतच राहतो. जसा घरोघरी एक बापू असतो, आपल्या घरात बापू म्हटलं की आपलाच धावत येते, शेजारच्या घरातला नाही. दोन फंक्शनमधे मजुरी नावाचे दोन व्हेरिएबल असले तरी ते एकमेकांना ओळखत नाहीत. आतलं उत्तर बाहेर पाहिजे तर रिटर्न करा.

आणि ती दोन चिठ्ठ्यांची गोष्ट राहिली होती. आजची_यादी = कालची_यादी असं लिहिलं तर यादीची नक्कल होत नाही, एकाच पोत्याला दुसरी चिठ्ठी बांधली जाते, मग आजच्या यादीत एक बाई वाढवली की कालच्या यादीत पण ती दिसते. साध्या आकड्यात हा त्रास जाणवत नाही, यादीत जाणवते. वेगळी पाहिजे तर आजची_यादी = कालची_यादी.कॉपी() लिहा, शेवटचा रिकामा ब्रॅकेट विसरू नका.

आता सगळं मिळून एक करून पाहा.

वेचणी_दर_प्रति_किलो = १०
भाव_प्रति_क्विंटल = ७५२१
क्विंटलचे_किलो = १००

वजन_किलो = इंट(इनपुट('काटापट्टीवरचे एकूण किलो? '))

कापसाचे_रुपये = वजन_किलो * भाव_प्रति_क्विंटल / क्विंटलचे_किलो
वेचणीचा_खर्च_रुपये = वजन_किलो * वेचणी_दर_प्रति_किलो
हाती_राहिले_रुपये = कापसाचे_रुपये - वेचणीचा_खर्च_रुपये

प्रिंट('कापसाचे', कापसाचे_रुपये)
प्रिंट('वेचणीचे', वेचणीचा_खर्च_रुपये)
प्रिंट('राहिले', हाती_राहिले_रुपये)

१४६० टाकलं तर कापसाचे १०९८०६.६, वेचणीचे १४६०० आणि राहिले ९५२०६.६ असं येईल. आधी गुणलं आणि मग भागलं, ते मुद्दाम, दशांश जितका उशिरा येईल तितका बरा. यात बियाणं, खत, फवारणी, निंदण, गाडीभाडं काहीच धरलं नाही, ते तुम्ही वाढवा, एका खर्चाला एक नाव. आणि खऱ्या पैशाला हा प्रोग्राम लावायच्या आधी निदान एक हप्ता तो वहीसोबत चालवा, रोज संध्याकाळी स्क्रीनवरचा आकडा आणि वहीतला आकडा शेजारी शेजारी ठेवून वेचणाऱ्या बायकांसमोर वाचा, आणि कोणी म्हटलं माहे एवढे नाहीत तर पहिले प्रोग्राममधला दर उघडून पाहा.